नोट

आमच्या गच्चीवरून येळ्ळूरचा गड दिसतो.
सगळा नाही.
आमची पाण्याची टाकी आणि चिंडकांच्या जिन्याचं टोपडं
यांच्या मधून, चार बोटांएवढा.
हात लांब करून मोजलाय मी.

आधी शहापूरची कौलं, मग वडगावातले मागांचे पत्रे,
त्यापलीकडे भाताची पट्टी, सुगी झाली की मसुराची,
आणि तिच्यावर टेकलेला तो,
ताटाच्या कडेला उरलेल्या भाकरीच्या तुकड्यासारखा.
श्रावणात आठ-आठ दिवस गायब असतो.
पौषात परततो तो इतका जवळ
की बुरुजावरची शेरडं मोजावीत.

समोरच्या बखळीत आता फलक लागलाय.
पाच मजले. खाली पार्किंग.
मंगळवारी दोन पोरं फीत धरून फिरून गेली.

मी अर्ज लिहिला.
महाशय, आपण किल्ल्याचा खंदक राखता,
जुनी बस्ती राखता, वडाच्या बुंध्याला नंबर ठोकता.
आमच्या गल्लीतून जे दिसतं तेही जुनंच आहे.
कृपया तेवढं राखावं.

खिडकीतल्या माणसानं कागद उलटा करून पाहिला.
सर्व्हे नंबर?
दिसण्याला नसतो, म्हटलं.
मालक कोण?
मी गप्प.
आणि कन्नडात आणा.

हणबरट्टींची सहना बी.कॉम.ला आहे, तिनं उतरवून दिला.
मधेच थांबून हसली. काका,
तुमच्या दिसण्याला आमच्यात ‘नोट’ म्हणतात.
मीही हसलो.
खिडकीतला माणूसही हसला, पण वेगळं.
म्हणाला, गल्लीच्या सह्या आणा आधी.

मागच्या घरी इरव्वा कामकर.
कोपऱ्यात मागाचा खड्डा, त्यावर आता फळी,
फळीवर गॅसचं सिलिंडर.

कुठला गड रे?
तुझ्या बाबानं माडी चढवली त्या सालापासनं
माझ्या दारातनं तुमची भिंतच दिसतीया.
त्याच्या आदी दिसायचा की.
खड्ड्यात बसून धोटा फेकताना मान वर केली की तो.
पाजणीचं सूत गल्लीभर ताणलेलं असायचं,
गडावर ढग बसला की आमी सगळी धावायचो,
सूत आत, सूत आत.

माडी झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा.
कुंद्याचा डबा घेऊन तिच्याकडे मीच गेलो होतो.
तिनं तो धुऊन, पुसून,
तळाशी मूठभर साखर घालून परत दिला होता.
भिंतीचा गिलावा तेव्हा ओलाच होता.

माझ्या हातातला कागद मला अचानक
दुसऱ्याच कुणाचा वाटला.
ती म्हणाली, आण इकडं,
आणि सावकाश, एकेक वेलांटी ओढत,
कन्नडात सही केली.

मग मी म्हटलं, वर येता?
सव्वीस पायऱ्या. दर सहाव्या पायरीला गुडघा.
वर आल्यावर तिनं टाकीला हात टेकला,
डोळ्यांवर पदराची सावली धरली,
बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, दिसत नसेल. मोतीबिंदू असेल.

अल्ल्ये ऐत नोड, ती म्हणाली.
तितंच हाय की रे.
जणू मधली अडतीस वर्षं
तो कुठं निघून गेलाय असं
तिला कुणीतरी सांगत आलं होतं.

अर्जाचं पुढं काय झालं विचाराल, तर
तो अजून टेबलावर आहे. कुठल्या, ते माहीत नाही.

त्या संध्याकाळी मात्र
गडाच्या उजव्या खांद्यावर एक काळपट ढग येऊन बसला.
इरव्वा झटकन कठड्याशी गेली,
खाली वाकली, आणि रिकाम्या गल्लीत
स्कूटरी, नळाच्या घागरी, क्रिकेट खेळणारी पोरं यांच्यावर
ओरडली, सूत आत घ्या गं!

पोरांनी वर पाहिलं.
सूत कुठंच नव्हतं.
मी दोरीवरचे कपडे काढायला लागलो.